टेपमधला काळा तुकडा

१

टेपवर आई बोलत होती आणि बोलता बोलताच ती नाहीशी झाली. पडदा काळा झाला.

धाकटीनं आधी केबल चाचपली. केबल घट्ट बसलेली होती. कॅमेऱ्याच्या छोट्या काचेतून टेपची चाकं फिरताना दिसत होती, संगणकावरचे आकडेही पुढे सरकत होते. म्हणजे कॅमेऱ्यातून संगणकात काहीतरी येत होतं. फक्त ते काळं होतं.

धाकटी व्हिडिओ एडिटर होती. दुसऱ्यांची लग्नं आणि दुसऱ्यांच्या जाहिराती कापायच्या, जोडायच्या, हे तिचं रोजचं काम. आई गेल्यावर नातेवाईक एकदा जमणार होते. तेव्हा दाखवायला आईच्या जुन्या टेपांमधून एक छोटी फिल्म कर, असं सगळ्यांनी तिला सांगितलं. म्हणून ती आपला संगणक घेऊन माहेरी आली आणि जेवणाच्या टेबलावर तिनं दुकान मांडलं.

या टेपांचं एक असतं, त्या फाइलसारख्या झटकन उतरवून घेता येत नाहीत. कॅमेरा संगणकाला जोडायचा, टेप चालू करायची आणि बघत बसायचं. तासभराची टेप उतरवायला तासभर लागतो. धाकटी दिवसचे दिवस बघत बसली होती. जवळजवळ सगळं चित्रण आईनंच केलेलं, त्यामुळे आई कुठेच दिसत नव्हती. ती म्हणजे कॅमेऱ्यामागचा नुसता आवाज. "हला की जरा, फोटो नाहीये हा!"

रडू येईल म्हणून धाकटीनं रुमाल जवळ घेऊन ठेवला होता. तो घडीचा घडीच राहिला. एक टेप संपली की ती दुसरी घालायची, मध्ये चहाचा कप विसळून ठेवायची.

शेवटच्या टेपवर आईच्या अक्षरात लिहिलं होतं, 'मुलांसाठी'. आजारपणात आईनं स्वतः कॅमेऱ्यासमोर बसून केलेली ही एकच टेप. पलंगावर उशीला टेकलेली, नाकाला ऑक्सिजनची नळी.

"सगळ्यात आधी तुमच्या बाबांबद्दल," आई म्हणाली होती. "हे मी त्यांना तोंडावर बोलले नाहीये. पण तुम्हाला कळायला हवं, की त्यांनी..."

आणि काळं.

धाकटीनं टेप पुढे पळवली. काळं, अजून काळं, बराच वेळ काळं. मग एकदम आई परत आली. तोच पलंग, तीच नळी, पण खिडकीतला उजेड आता कलला होता. "...आणि एकमेकांना धरून राहा," ती म्हणत होती. "झालं. दमले मी."

खराब झालेल्या टेपवर चित्राचे चौकोन चौकोन पडतात, रेघा येतात. हा काळा स्वच्छ होता. धाकटीनं असा काळा कामावर खूपदा पाहिला होता. लेन्सवर झाकण लावून जुन्या चित्रणावर नवं रेकॉर्डिंग केलं, की असाच काळा येतो.

कुणीतरी आईचं बोलणं पुसलं होतं.

२

"कुणीतरी काय? बाबांनी," दादा म्हणाला.

टेबलाशी उभा राहूनच त्यानं तो तुकडा दोनदा बघितला होता. वहिनी त्याच्या मागे, हात पदराला पुसत. बाबा आतल्या खोलीत होते. दार उघडं होतं, पण ते ऐकतायत की नाही ते आजकाल कळत नसे.

"हळू बोल," धाकटी म्हणाली.

"का? आई म्हणते, बाबांबद्दल सांगायचंय. आणि नेमकं तेवढंच जातं! आणखी काय पुरावा हवा? मी या घरात राहत नाही आता. तू सामान भरायला घे," हे वहिनीला. संध्याकाळी पुठ्ठ्याचे खोके आले.

धाकटीनं मावशीला फोन केला.

मावशी म्हणजे आईची पाठची बहीण. विमा कंपनीत दाव्यांची तपासणी करण्यात तिची सगळी नोकरी झाली होती. जळालेली गोदामं, बुडालेल्या बोटी आणि त्यांचे मालक, सगळ्यांना ती सारख्याच शांतपणे प्रश्न विचारायची. ऑफिसात तिला 'चाळणी' म्हणत. दुसऱ्या दिवशी ती आली, चपला काढल्या आणि पहिला प्रश्न केला, "टेप कुठाय?"

तिनं टेप उलटसुलट करून पाहिली. "हे काय बारकंसं?"

"कुलूप म्हण. ही पट्टी सरकवली की टेपवर रेकॉर्ड होत नाही. चुकून पुसलं जाऊ नये म्हणून असते."

"आत्ता लावलेलं आहे. तू लावलंस?"

"नाही, आहे तसंच होतं. आई प्रत्येक टेप झाली की लावायची. बाकीच्या बघ, सगळ्यांना आहे."

मावशीनं बाकीच्या टेपा एकेक करून पाहिल्या. मग म्हणाली, "म्हणजे ज्यानं पुसलं त्यानं कुलूप काढलं, पुसलं, आणि आठवणीनं परत लावलं."

"चित्रणाची तारीख दिसत नाही का?" दादानं विचारलं.

"कॅमेऱ्यातल्या घड्याळाची बॅटरी केव्हाच गेलीय," धाकटी म्हणाली. "कधीही रेकॉर्ड करा, एकच तारीख दाखवतो."

"मग माणसांनाच विचारायला हवं," मावशी म्हणाली आणि खुर्ची ओढून दादाच्या समोर बसली. "चल, तुझ्यापासून सुरुवात."

३

"माझ्यापासून?" दादा उखडला.

"कॅमेरा तूच लावून दिला होतास ना ताईला?"

"हो. स्टँडवर लावला, बटण दाबलं आणि बाहेर गेलो. ती म्हणाली, कुणी थांबू नका. बऱ्याच वेळानं तिनं हाक मारली. मग मी कॅमेरा उचलून तिच्याच खोलीतल्या कपाटाच्या वर ठेवला."

"टेप आतच?"

"आतच. मला कुठे ते काढता-घालता येतं! लेबल आईनंच आधी लावून ठेवलं होतं."

"मग टेप बाकीच्या टेपांच्या खोक्यात कशी आली?"

दादानं खांदे उडवले. त्यानंतर तो कामाला निघून जायचा तो दिवेलागणीलाच यायचा. "आई गेली त्या दिवशी मी घरी होतो. भाड्याचं ते ऑक्सिजनचं मशीन त्याच दिवशी परत करून आलो. नजरेसमोर नको होतं मला."

मावशीनं नुसती मान हलवली.

वहिनी स्वयंपाकघरात भांडी वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात भरत होती. मावशी तिथंच ओट्याला टेकली.

"दिवसा ताईजवळ तूच असायचीस?"

"मी आणि बाबा. बाबा दुपारी औषधं आणायला जायचे. तेवढंच काय ते बाहेर पडणं."

"ती उठू शकत होती?"

"बसवलं तर बसायच्या. उभं नाही राहता यायचं." वहिनीनं एक कप गुंडाळला. "शेवटी शेवटी त्या मशीनच्या आवाजावरच मी झोपायचे. त्या श्वास घेतील तेव्हा ते फुस्स करायचं. श्वास नाही तर आवाज नाही. जरा उशीर झाला की मी ताडकन उठून बसायचे."

"टेपबद्दल तुला काय वाटतं?"

"मला काय वाटणार?"

"हे भरायला घेतलंस, तर नवऱ्याचं पटलंय तुला?"

वहिनीनं गुंडाळलेला कप उलगडून पुन्हा गुंडाळला. "हे म्हणाले भर, म्हणून भरतेय," ती म्हणाली आणि पुढचा कप उचलला.

मावशी तिच्याकडे बघत राहिली. आणखी काही विचारणार, तेवढ्यात बाहेरून दादाचा आवाज आला.

"मावशी, इकडे ये. बाबा कबूल करतायत."

४

बाबा टेबलापाशी उभे होते. आई गेल्यापासून त्यांचे कपडे त्यांना मोठे झाल्यासारखे दिसत.

"मी पुसलं," ते म्हणाले. आवाजात काहीच नव्हतं. दूध संपलंय, हे सांगावं तसं ते म्हणाले. "मीच केलं ते. आता पुरे करा."

"झालं?" दादा मावशीला म्हणाला.

"बसा, भाऊजी," मावशी म्हणाली. बाबा बसले. "कधी पुसलंत?"

"ती गेल्यावर. तू माणसं आवरत होतीस बाहेर."

"कसं?"

"कसं म्हणजे? लावला कॅमेरा, बघितलं, तो भाग आला, डिलीट केलं."

"कुठलं बटण?"

बाबांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं. त्याच्यावर बटणं पुष्कळ होती. त्यांनी एकावर बोट ठेवलं. झूमचं होतं ते.

"वेळ किती लागला?"

"वेळ कसला? बटण दाबलं, गेलं."

मावशीनं धाकटीकडे पाहिलं. धाकटीला उत्तर माहीत होतं. "बाबा, टेपवरचं असं जात नाही. डिलीटचं बटणच नसतं. त्याच्यावर दुसरं काहीतरी रेकॉर्ड करावं लागतं. जेवढं पुसायचं, तेवढाच वेळ कॅमेरा चालू ठेवून थांबायचं."

"आणि हा तुकडा मोठा आहे," मावशी म्हणाली. "ज्यानं पुसला तो कॅमेरा घेऊन बराच वेळ बसून होता. तुम्ही नव्हतात ते. खोटं का बोललात?"

बाबांनी कॅमेरा हलकेच बाजूला सारला.

"कुणीतरी मी केलं म्हटल्याशिवाय यांचं थांबणार नव्हतं," ते दादाकडे हात करून म्हणाले. "मला वाटलं, यानंच केलं असेल. तिनं काहीतरी वाईट सांगितलं असेल माझ्याबद्दल, आणि मला ते ऐकावं लागू नये म्हणून यानं पुसलं असेल. ते मनात धरूनच हा माझ्यावर चिडलाय, असं वाटलं. मग मी कशाला याला तोंडघशी पाडू?"

दादा खुर्चीची पाठ धरून उभा राहिला.

मावशीनं मग धाकटीला विचारलं, "त्या काळ्या तुकड्यात काय आहे?"

"काहीच नाही. काळंच आहे शेवटपर्यंत. मी पळवून बघितलं."

"बघितलंस," मावशी म्हणाली. "ऐकलंस का?"

५

धाकटीला कानकोंडं झालं. टेप पळवताना आवाज येत नाही. पण झाकणानं फक्त लेन्स बंद होते, माइक चालूच राहतो. ज्यानं पुसलं, त्याच्याभोवतीचा सगळा आवाज टेपवर उतरलेला असणार. एवढी साधी गोष्ट तिच्या डोक्यात आली नव्हती. या दिवसांत तिच्या डोक्यात काहीच येत नव्हतं.

तिनं टेप मागे घेतली, स्पीकरचा आवाज वाढवला. आई म्हणाली, "...की त्यांनी..." आणि पडदा काळा झाला.

सुरुवातीला नुसती खरखर. कापडावर काहीतरी घासल्यासारखी. मग माइकच्या अगदी जवळ कुणाचा तरी श्वास. आणि त्याच्याबरोबर, जरा लांबून, फुस्स.

स्वयंपाकघराच्या दारात वहिनी येऊन उभी राहिली.

श्वास. फुस्स. श्वास. फुस्स. मध्ये खोकल्याची उबळ आली, श्वास अडखळला. फुस्सही थांबलं. पुन्हा श्वास सुरू झाला, पुन्हा फुस्स. बाहेरच्या रस्त्यावरून एक गाडी गेली. बाकी काही नाही. कुणी बोलत नव्हतं, कुणी रडत नव्हतं. तो आवाज किती वेळ चालला होता! टेबलाभोवती चार माणसं हलायची थांबली होती.

मग एक बारीक टक्. पडदा उजळला, आई म्हणाली, "...आणि एकमेकांना धरून राहा."

धाकटीनं टेप थांबवली.

"मशीन परत कधी गेलं?" मावशीनं दादाला विचारलं.

"सांगितलं ना, आई गेली त्याच दिवशी." बोलता बोलता त्याचा आवाज खाली आला. "म्हणजे हे त्याच्या आधीचं."

"हो. ताई असताना, तिच्याच खोलीत. आता श्वासाकडे लक्ष दे. कॅमेऱ्याजवळ एकच माणूस श्वास घेतंय. ते श्वास घेतं तेव्हाच मशीन वाजतं आणि त्याला खोकला आला की मशीन अडखळतं. नळी ज्याच्या नाकाला, कॅमेरा त्याच्याच हातात. खरखर आहे ती पांघरुणाची. कॅमेरा मांडीवर होता."

"आईनं?" धाकटी म्हणाली.

"पुसायचं कसं ते तिला माहीत होतं. आणि झाल्यावर कुलूप लावायची सवयही तिचीच."

"शक्य नाही," दादा म्हणाला. "कॅमेरा कपाटावर होता. ती उभीसुद्धा राहू शकत नव्हती!"

"बरोबर आहे. म्हणून तिला तो कुणीतरी काढून दिला." मावशीनं दाराकडे मान वळवली नाही. "भाऊजींना कॅमेऱ्याचं काही कळत नाही हे तर आत्ताच दिसलं, पण नुसता काढून द्यायला कळावं लागत नाही. मात्र त्यांनी दिला असता तर टेप कुणी पुसली हे त्यांच्या लक्षात आलं असतं, आणि त्यांनी तुझा आळ अंगावर घेतला नसता. तू दिवसभर बाहेर. मग उरतं कोण?"

६

वहिनीच्या हातात अजून वर्तमानपत्राचा कागद होता.

"मी दिला," ती म्हणाली. "बाबा औषधं आणायला गेले होते तेव्हा. त्या म्हणाल्या, कॅमेरा दे आणि बाहेर बस जरा. मी दारात बसले. नंतर त्यांनीच टेप काढून दिली आणि टेपांच्या खोक्यात ठेवायला सांगितली. म्हणाल्या, यातलं कुणाला बोलू नकोस."

"अगं, मग काल का नाही बोललीस?" दादा ओरडला. "मी बाबांना काय काय बोललो! तू खोके भरत बसलीस!"

"मी शब्द दिला होता त्यांना." वहिनीचा आवाज चढला नाही. "तुम्ही निघायच्या आधी शांत व्हाल असं वाटलं मला. काल रात्री वाटलं, सकाळपर्यंत होतील."

"का पुसतेय ते बोलली का ती?" धाकटीनं विचारलं.

"मी विचारलं नाही. कॅमेरा परत घेताना त्यांचा हात गार लागला. म्हणून मी हातपाय चोळत बसले. तेव्हा म्हणाल्या, रागात बोलून गेले होते गं मी, आणि राग काही मुलांना देऊन जायची वस्तू नाही."

दादा खाली बसला. खुर्चीवर नाही, भिंतीला टेकून जमिनीवरच.

धाकटी आपल्या आत काही हलतंय का ते बघत होती. काही हललं नाही. कोडं सुटलं होतं, कुणी चोर नव्हतं. आता हा तुकडा कापायचा, दोन्ही टोकं जोडायची, फिल्म पूर्ण करायची. कामच तर होतं. तिनं माउसकडे हात नेला.

"थांब," बाबा म्हणाले.

७

"तिनं काय सांगितलं असेल, ते मला माहीत आहे," ते म्हणाले.

"भाऊजी, तिनं पुसलंय ते," मावशी म्हणाली. "सांगायलाच पाहिजे असं नाही."

"तिनं तिचं पुसलं. माझं तसंच आहे." त्यांनी पाण्याचा पेला पुढे ओढला, पण प्यायले नाहीत. "तिचं दुखणं बरं होण्यातलं नाही, हे डॉक्टरांनी मला फार आधी सांगितलं होतं. ती बाहेर बाकावर बसली होती तेव्हा. तेव्हा ती हिंडती-फिरती होती. मी बाहेर आलो आणि तिला म्हटलं, दम्याचाच प्रकार आहे, औषधानं जाईल. तुम्हालाही तेच सांगितलं."

वहिनीनं हातातला कागद टेबलावर ठेवला.

"रोज वाटायचं, उद्या सांगू. ती खुशीत असायची. नवीन पडदे शिवायला घेतले होते तिनं. मग ती पलंगाला खिळली, तेव्हा कुणी सांगायची गरज राहिली नाही. तिनं तिचं ओळखलं. मला एवढंच विचारलं, तुम्हाला कधीपासून माहीत होतं? मी सांगितलं. ती काही बोलली नाही. मला ओरडली असती तर बरं झालं असतं. कॅमेऱ्यापाशी ओरडली असेल."

मावशी ताठ बसली होती. आयुष्यभर लोकांचे जबाब ऐकलेल्या तिच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नसे. पण आता तिचे ओठ पांढरे पडले होते.

"मी फोन केला होता तुम्हाला," ती म्हणाली. "येऊन जाऊ का, म्हणून."

"हो."

"तुम्ही म्हणालात, साधा दमा आहे, सवडीनं ये."

"हो."

"मी सवडीनं आले, भाऊजी."

बाबांनी मान खाली घातली. आतून नळाचं पाणी थेंब थेंब पडत होतं. वहिनी आत जाऊन तो बंद करून आली.

"ताईनं तिचा राग पुसला," मावशी हळू म्हणाली. "मला एवढ्यात नाही जमणार. जमेल असंही मी सांगत नाही."

"नको सांगूस," बाबा म्हणाले. "तुम्हाला काय विचारायचं ते विचारा मला. आता मी जे असेल तेच सांगेन."

धाकटी संगणकाकडे वळली आणि तिनं पडदा बंद केला. त्या काळ्या काचेत सगळे दिसत होते. दादा जमिनीवरून उठला. तो भांडणार असं तिला वाटलं. वहिनीलाही वाटलं असावं, कारण ती एक पाऊल पुढे आली. पण तो बाबांच्या शेजारची खुर्ची ओढून बसला.

"डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा आत तुमच्याजवळ कुणीच नव्हतं?" त्यानं विचारलं.

"कुणीच नव्हतं," बाबा म्हणाले.